गाडीघर : दाब आहे, मग धार कुठे गेली?

ताई,
आम्ही ऑस्टिनचे. २६ फुटी ट्रेलर घेऊन सध्या टूसॉनजवळ एका कॅम्पग्राउंडवर महिनाभर मुक्काम आहे. नाशिकहून आई आलीय. शॉवरला करंगळीएवढी धार येते, तिचे केस धुवायचे म्हणजे अर्धा तास. आमची जोडणी अशी : नळ, त्यावर दाब मर्यादेत ठेवणारा छोटा पितळी रेग्युलेटर, अर्ध्या इंचाचे २५-२५ फुटी दोन होज, मग फिल्टर, आणि गाडीत पाणी शिरतं तिथे दाब मोजणारं गेज. सगळं बंद असताना गेज ५० पीएसआय दाब दाखवतं, शॉवर सोडला की काटा १८ वर येतो. गरम पाणी तर थंडपेक्षाही बारीक. शेजारी म्हणतात, रेग्युलेटर काढून फेका. त्यांचं ऐकू, की मोठा पंप बसवू?
— एक वाचक, ऑस्टिन

दोन्ही नको. पंप गाडीच्या टाकीतलं पाणी ओढतो. बाहेरच्या नळाला जोडलेलं असताना त्याचा काही संबंधच येत नाही. रेग्युलेटरचं पुढे सांगते.

तुम्ही ते दोन आकडे लिहून पाठवलेत याचा मला फार आनंद झाला, कारण निम्मं निदान तिथेच होतं. बंद नळाचं ५० म्हणजे पाणी नुसतं उभं असतानाचा दाब. वाहायला लागल्यावर किती उरतो, तो खरा आकडा. तुमचा काटा १८ वर पडतो, म्हणजे अडथळा गेजच्या अलीकडे आहे, बाहेर. काटा ४५ वर टिकून शॉवर तरीही रडत असता, तर मी तुम्हाला गाडीच्या आत पाठवलं असतं : शॉवरची जाळी, नळाच्या तोंडाची जाळी, तिथला क्षार.

दाब आणि धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी २२ वर्षं आपल्याकडे पाणीपुरवठ्यात काढली आणि हे घरोघरी समजावलंय. तुमच्या आईंच्या नाशिकच्या घराचं उदाहरण घ्या. गच्चीवर टाकी, त्याखाली २० फुटांवर शॉवर. पाण्याची २.३१ फूट उंची म्हणजे १ पीएसआय, तेव्हा तिथे ९ पीएसआयसुद्धा दाब नाही. तरी अंघोळ होते, कारण वाट मोकळी असते. तुमच्याकडे त्याच्या पाचपट दाब आहे, वाट मात्र कुठेतरी तुंबलीय.

ती शोधायला ५ गॅलनची बादली आणि मोबाइलवरचं घड्याळ पुरे. आधी उघड्या नळाखाली बादली भरा आणि सेकंद मोजा. मग फक्त रेग्युलेटर लावून. मग होज जोडून, मग फिल्टरसकट. प्रत्येक वेळी नळ पूर्ण उघडा. ज्या पायरीला वेळ एकदम वाढेल, तो चोर. गेल्या महिन्यात आमच्याकडे असंच झालं तेव्हा नुसत्या नळाला ३८ सेकंद लागले, रेग्युलेटरने ५५, होजने ६० आणि फिल्टर जोडल्यावर अडीच मिनिटं. फिल्टरचं भांडं उघडलं. बसवताना पांढरंशुभ्र असलेलं कार्ट्रिज चहाच्या गाळणीसारखं तपकिरी झालेलं, बोट फिरवलं तर बुळबुळीत, आणि तळाशी विहिरीच्या वाळूचा चमचाभर थर. तीन मुक्कामांपूर्वी बदललं होतं म्हणून मी निर्धास्त होते, पण मधल्या एका मुक्कामाचं पाणी गढूळ होतं. कार्ट्रिज तारखेवर बदलू नका, काट्यावर बदला : नवीन असताना शॉवर सुरू करून गेज किती दाखवतं ते भांड्यावरच लिहून ठेवा, आणि आकडा १० ने उतरला की काढा. नवं घेताना १ मायक्रॉनच्या, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या, मोहात पडू नका. वाळू-गाळासाठी ५ मायक्रॉन पुरतं, आणि धार मरत नाही.

होजबद्दल माझा हिशेब असा. शॉवरला मिनिटाला २ गॅलन धरले, तर तुमच्या ५० फूट होजमध्ये अडीच-तीन पीएसआय जातील. म्हणजे ३२ चा खड्डा होजने पाडलेला नाही. फिल्टर नाहीतर रेग्युलेटर, माझा संशय या दोघांवरच. पण आई शॉवरखाली असताना कुणी स्वयंपाकघरात भांडी घासायला नळ सोडला आणि मिनिटाला ५ गॅलन वाहायला लागले, तर त्याच होजमध्ये १४ पीएसआय खर्च होतात. ५/८ इंचाचा घेतला तर पाचाच्या आत. व्यास सव्वापट झाला की घर्षणातला खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो, म्हणून पुढचा होज ५/८ चाच घ्या, पिण्याच्या पाण्यासाठीचा, आणि एका तुकड्यात भागत असेल तर दुसरा जोडू नका.

आता रेग्युलेटर. तुमचा तो छोटा पितळी नळकांडं असलेला प्रकार वाहत्या पाण्याला फार अडवतो, शेजाऱ्यांचं एवढं खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे स्क्रूने दाब ठरवता येणारा, अंगाने मोठा, गेजवाला रेग्युलेटर. तो होजच्या आधी, थेट नळावर बसवा, म्हणजे होजही वाचतो. ४५ ते ५० वर ठेवा. गाडीच्या पुस्तकात याहून कमी मर्यादा दिली असेल तर ती पाळा.

काढून का टाकू नये, ते मी भोगलंय. आमचं पहिलं वर्ष, कोलोरॅडोत डोंगरउतारावरचं कॅम्पग्राउंड. आमची जागा सगळ्यात खालच्या रांगेत. दुपारी मोजलं तेव्हा ५५ होतं, धार बारीक होती, म्हणून मी रेग्युलेटर काढला. रात्री दोनला नवऱ्याने पाय खाली ठेवला तो पाण्यात. टॉयलेटमागच्या पाइपची प्लास्टिकची चकती सुटली होती. बाहेर धावत जाऊन नळ बंद केला, पण तोवर पाणी फरशीच्या व्हिनाइलखाली शिरलेलं. पुढच्या उन्हाळ्यात तिथली फळी काढावी लागली. दुपारी सगळे वापरत असतात म्हणून दाब उतरलेला असतो. रात्री सगळे नळ बंद, कुठे काही खर्च नाही, की पूर्ण दाब शेवटच्या गाडीवर येऊन बसतो. त्यात कॅम्पग्राउंडच्या टाकीपासून ७० फूट जास्त खाली असलात तर ३० पीएसआय नुसत्या उंचीचेच वाढतात. गाडीतला पेक्स (प्लास्टिकचा) पाइप १८० अंश फॅरनहाइटच्या पाण्यालाही १०० पीएसआय सोसतो, पण गाडी फक्त पाइपाची नसते. चकत्या, टॉयलेटचा व्हॉल्व्ह, नळाखालच्या बारीक नळ्या आधी हार मानतात. माझं ऐका, एका रात्रीसाठीही काढू नका. आणि गाडी सोडून दिवसभर फिरायला निघालात तर बाहेरचा नळ बंद करून जा.

गाडीत पाणी शिरतं त्या जोडाच्या तोंडाशी बोटाच्या पेरापेक्षा लहान जाळी असते. तीही बघाच. आधी नळ बंद करा, आतला एखादा नळ सोडून दाब जाऊ द्या आणि मगच होज काढा, कारण मागे एकमार्गी व्हॉल्व्ह असतो आणि अडकलेलं पाणी जोरात अंगावर येतं. जुन्या टूथब्रशने जाळी साफ होते.

गरम पाण्याचा मामला मात्र वेगळा आहे आणि तो गाडीच्या आतला. हिवाळ्यासाठी हीटर बाजूला टाकणारे, म्हणजे पाणी हीटरमध्ये न जाता परस्पर पुढे सोडणारे, कॉक असतात, ते वसंतात अर्धवट फिरवले गेले का ते पाहा. ते ठीक असतील, तर हीटरच्या गरम तोंडाशी असलेला एकमार्गी व्हॉल्व्ह क्षाराने चिकटला असण्याची शक्यता मोठी. टूसॉनचं पाणी जड आहे. हीटर बंद करून रात्रभर गार होऊ द्या, दाब सोडा, मगच खालचं बूच काढा. पांढरे खवले पडतील. गरम टाकीला कुणी हात लावू नका, आईंना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

एक लक्षात ठेवा, धार सुधारली की सांडपाण्याची टाकीही लवकर भरेल. मिनिटाला २ गॅलनने ४० गॅलनची टाकी २० मिनिटांत भरते.

ताई, आम्ही टाकीतल्या पाण्यावर राहतो. रात्री सगळे नळ बंद असतात तरी पंप तासा-दीड तासाने दोन सेकंद घरघरतो. पंप बिघडलाय का?
— एक वाचक, सॅन होजे

बहुतेक नाही. पंप दाब ५५ च्या आसपास गेला की थांबतो आणि उतरला की सुरू होतो, तेव्हा कुठून तरी थेंब थेंब पाणी जातंय. पहिला संशय टॉयलेटच्या भांड्यावर : झोपताना भांडं कोरडं पुसा आणि आतल्या कडेने टिश्यूचा कागद चिकटवून ठेवा. सकाळी तो ओला असेल तर टॉयलेटचा व्हॉल्व्ह. कोरडा असेल तर प्रत्येक नळाखाली, हीटरच्या मागे आणि पंपाजवळ टॉर्च लावून हात फिरवा. कुठेच ओल नसेल, तर पंपातलाच एकमार्गी व्हॉल्व्ह पाणी टाकीत परत सोडतोय. त्याची खूण अशी की बाहेरच्या नळाला गाडी जोडली की टाकी आपोआप भरू लागते आणि गाडीखाली पाणी वाहतं. हा भाग सुटा मिळतो, पूर्ण पंप घ्यायची गरज नाही. गळती सापडेपर्यंत झोपताना पंपाचं बटण बंद ठेवा.