एका डावात राउंड संपवायचा, तर आधी हिशेब

या वेळी खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी 'स्ट्रीट फायटर ६' या दोघांच्या लढतीच्या एकाच व्हिडिओ गेमबद्दल आहेत, आणि त्यातही अकुमा या पात्राबद्दल. कमी जीव, जबर मार, सगळा मीटर (खास चालींसाठीची शक्ती, ड्राइव्ह आणि सुपर अशा दोन पट्ट्यांतली) एकाच संधीवर ओतायचा, अशी ही खेळण्याची पद्धत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (भुसावळ): मी जिंकतो तेव्हा तीस सेकंदांत जिंकतो आणि हरतो तेव्हाही तेवढ्यातच. मित्र म्हणतात, "जाऊ दे भो, तुझा खेळ म्हणजे जुगार आहे." ही पद्धत शिकता येते, की नशिबावरच सोडायची?

उत्तर: शिकता येते, पण सुरुवात कॉम्बोपासून (सलग जोडलेल्या फटक्यांपासून) नाही, आकड्यांपासून करा. बहुतेक पात्रांचा जीव १०,००० असतो, झांगिफचा ११,०००, अकुमाचा ९,०००. म्हणजे तुम्ही ३,००० चा मार दिला आणि तेवढाच खाल्ला, तर बरोबरी झाली असं वाटतं. प्रत्यक्षात तुमचा एक तृतीयांश जीव गेलेला असतो आणि समोरच्याचा त्याहून कमी. फटक्याला फटका देत बसणं अकुमाला परवडत नाही.

आता धोक्याचा हिशेब. पडल्यावर उठता उठता ओव्हरड्राइव्ह शोर्युकेन (वर उडत मारलेला ठोसा, ड्राइव्ह खर्चून जबर केलेला) मारायची सवय तुम्हाला असणार. या पत्रांतल्या बहुतेकांना आहे. तिला ड्राइव्हचे २ बार लागतात. समजा ती लागली तर तुम्हाला २,००० मिळतात आणि ब्लॉक झाली तर पनिशमध्ये (फसलेल्या चालीवर समोरच्याने दिलेल्या मारात) ४,००० जातात. मग हा डाव नुसता बरोबरीत सुटायलाही तीनपैकी दोन वेळा लागायला हवा. अर्ध्या वेळा लागतो म्हणून समाधान मानत असाल, तर दर दोन प्रयत्नांत तुम्ही २,००० चा जीव आणि वर ४ बार घालवताय. स्वतःच्या दहा सामन्यांचे रिप्ले लावा आणि उठतानाच्या शोर्युकेनची लागली, ब्लॉक झाली अशी दोन रकान्यांत नोंद करा. खेळताना लागलेलीच लक्षात राहते, म्हणून कागदावर लिहिणं गरजेचं आहे.

डाव टाकण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या: लागलं तर राउंड संपतो का, आणि चुकलं तर मी मरतो का? लागल्यावर राउंड संपत असेल आणि चुकूनही तुम्ही उभे राहत असाल, तर बिनधास्त टाका. याच्या उलट स्थिती असेल, म्हणजे लागूनही समोरचा उरणार आणि चुकलं तर तुम्ही संपणार, तर ब्लॉक करा, मोह कितीही होवो. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तेव्हा समोरच्याची जी सवय त्याच सामन्यात दोनदा डोळ्यांनी पाहिली आहे, तिच्यावरच डाव लावा. आणि दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर वरचा तीनपैकी दोनचा हिशेब लागू होतो. बहुतेक राउंड याच चौथ्या स्थितीत हरले जातात, कारण तिथे घाई करण्याचं काही कारण नसतानाही लोक घाई करतात.

प्रश्न (धुळे): कॉम्बो कितीही लांबवला तरी नुकसान पुरेसं होत नाही. सगळे बार टाकतो, सुपरही टाकतो, तरी समोरच्याचा थोडा जीव उरतोच. मग बर्नआउटमध्ये (ड्राइव्हचे सगळे बार संपल्यावर) मार खातो. काय चुकतंय?

उत्तर: स्केलिंग, म्हणजे कॉम्बो लांबत जाईल तसं पुढच्या फटक्यांचं नुकसान घटत जाणं. कॉम्बोमधले पहिले दोन फटके पूर्ण १०० टक्के लागतात, तिसरा ८०, चौथा ७०, पाचवा ६०, आणि पुढे असाच उतरत जातो. मध्ये ड्राइव्ह रश (ड्राइव्ह खर्चून पुढे घेतलेली धाव) घातला की तिथून आणखी १५ टक्क्यांची कपात बसते. सुपर आर्टना (सुपर बार खर्चून मारायच्या तीन पातळ्यांच्या सगळ्यात जबर चालींना) मात्र किमान हमी आहे: पहिल्या पातळीला ३० टक्के, दुसरीला ४०, तिसरीला ५०.

हिशेबासाठी तिसऱ्या पातळीची सुपर ४,००० ची धरा, रयूची तेवढीच आहे. इतर कपाती सोडल्या, तर ती कॉम्बोत तिसरी लागली की ३,२०० देते, पाचवी लागली की २,४००, आणि नववी-दहावी लागली तरी हमीमुळे २,०००. म्हणजे लांबलचक कॉम्बोच्या शेवटी तुम्ही तीन सुपर बार देऊन २,००० विकत घेताय. समोरच्याकडे २,००० किंवा त्याहून कमी उरणार असेल, तर हा सौदा उत्तम. ४,००० उरणार असेल, तर सुपर राखून ठेवा आणि त्याला खाली पाडून त्याची पुढची चाल ओळखायची संधी घ्या.

सुरुवातीचा फटकाही महत्त्वाचा आहे. समोरच्याची शोर्युकेन ब्लॉक केल्यावर तुमच्याकडे भरपूर फ्रेम (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) असतात, तरीही सवयीने बसून हलका पंच मारणारे खूप. हलक्या फटक्याने सुरू केलेला कॉम्बो मुळातच अशक्त निघतो. तिथे सगळ्यात जड फटका मारा. पनिश काउंटरमुळे (समोरचा फसलेल्या चालीतून सावरत असताना फटका लागल्यामुळे) त्या पहिल्या फटक्याला २० टक्के जास्त नुकसान मिळतं आणि पुढे जोडायला ४ फ्रेम वाढीव मिळतात. याउलट परफेक्ट पॅरीनंतरच्या (फटका अगदी नेमक्या क्षणी झेलल्यानंतरच्या) कॉम्बोचं नुकसान निम्मं होतं. तो क्षण दिसायला फार देखणा असतो, म्हणून तिथे लोक सगळा मीटर ओततात, आणि तीच जागा ओतण्यासाठी सगळ्यात वाईट. राउंड संपवायला एखादा शेवटचा फटका हवा असेल तरच तिथे ओता.

आता बार. ड्राइव्हचे ६ बार. फटक्यातून काढलेला ड्राइव्ह रश ३ बारांचा, पॅरीतून काढलेला १ चा, ओव्हरड्राइव्ह स्पेशल २ चा, ड्राइव्ह इम्पॅक्ट (समोरचे फटके सोसत केलेला जड हल्ला) १ चा. एक रश आणि एक ओव्हरड्राइव्ह म्हणजे ५ गेले, हातात १ उरला. त्यानंतर दोन-तीन जड फटके ब्लॉक करावे लागले की बर्नआउट. मग पॅरी नाही, रश नाही, ओव्हरड्राइव्ह नाही. तुम्ही ब्लॉक केलेल्या प्रत्येक फटक्यावर समोरच्याला ४ फ्रेमचा जादा फायदा मिळतो. स्पेशल ब्लॉक करूनही जीव झिजतो. आणि पाठीशी भिंत असताना ड्राइव्ह इम्पॅक्ट ब्लॉक केला तर स्टन, म्हणजे काही वेळ हलताच येत नाही. ९,००० जीवाच्या पात्राला यातून निघणं फार अवघड. म्हणून नियम ठेवा: राउंड संपत असेल तरच सहावा बार खर्च करायचा.

एक गोष्ट नवीन खेळाडूंना कुणी सांगत नाही. ड्राइव्ह गेज प्रत्येक राउंडला पुन्हा भरून मिळतो, पण सुपर गेज पुढच्या राउंडमध्ये जसाच्या तसा जातो. राउंड जिंकताना उरलेले ड्राइव्ह बार वायाच जातात, तेव्हा शेवटच्या कॉम्बोत ते मोकळ्या हाताने वापरा आणि सुपर वाचवा. तीन भरलेले सुपर बार घेऊन दुसऱ्या राउंडमध्ये उतरणारा अकुमा पहिल्या सेकंदापासून धोकादायक असतो, आणि समोरच्यालाही ते पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या आकड्यावरून दिसत असतं. तो आपोआप जपून खेळू लागतो.

प्रश्न (अमळनेर): फटका लागला की ब्लॉक झाला हे वेळेत कळत नाही. सगळं अंदाजाने टाकतो.

उत्तर: ट्रेनिंग मोडमध्ये डमीचा (सरावासाठी समोर उभ्या पात्राचा) गार्ड रँडम करा, म्हणजे तो कधी ब्लॉक करेल, कधी नाही. पहिली पायरी: बसून दोन हलके फटके, दोन्ही लागले तर स्पेशल, ब्लॉक झाले तर हात थांबवायचा. इथे दोन फटक्यांचा वेळ मिळतो, म्हणून सुरुवात याने. डाव्या बाजूने ५० आणि उजव्या बाजूने ५०, आणि दोन्हीकडे ४५ बरोबर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाच बाजूने घोटलेला कन्फर्म (फटका लागला हे पाहून पुढची चाल काढणं) स्पर्धेत दगा देतो.

दुसरी पायरी पनिश काउंटरची. डमीला लांबून जड फटका हवेत मारताना रेकॉर्ड करा, काही वेळा नुसता उभा ठेवा, आणि तुमचा फटका लागल्यावर पडद्यावर 'पनिश काउंटर' ही अक्षरं दिसली तरच रश काढा. बघायचं पात्राकडे नाही, अक्षरांकडे.

एकाच मीडियम किकवरून फटका लागला हे पाहून रश काढणं सगळ्यात शेवटी घ्या. तिथे साधारण पाव सेकंदात ठरवावं लागतं आणि बऱ्याच चांगल्या खेळाडूंनाही ते दर वेळी जमत नाही. ते बहुतेकदा आधीच ठरवून रश काढतात आणि ब्लॉक झाला तरी मिळणारा दाब वापरतात. मात्र ३ बार दोन्ही वेळा जातात, हे धरूनच.

टीव्हीवर खेळत असाल तर आधी त्याचा 'गेम मोड' चालू करा. एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद. टीव्हीने चित्र उशिरा दाखवलं, की ड्राइव्ह इम्पॅक्टसारखी २६ फ्रेमची चाल तरी ओळखता येते, पण कन्फर्म हातचा जातो.

प्रश्न (चाळीसगाव): एप्रिल-मेमध्ये लॅपटॉपवर अर्ध्या तासाने खेळ संथ होतो आणि पाठ झालेले कॉम्बो तुटतात. संध्याकाळी पुन्हा ठीक.

उत्तर: हात बिघडलेला नाही, लॅपटॉप तापतोय. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःचा वेग उतरवतो. हा खेळ ६० फ्रेमवर चालतो. यंत्राला तेवढे झेपले नाहीत, तर चित्र नुसतं अडखळत नाही, सगळा खेळच मंदावतो आणि तुमच्या बोटांची लय चुकते. ग्राफिक्स सगळ्यात खालच्या पातळीवर आणा, रिझोल्यूशन उतरवा, फ्रेमची मर्यादा ६० ठेवा, मागची बाजू तीन-चार सेंटिमीटर उचला आणि पंख्यातली धूळ साफ करून घ्या. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. आपल्याकडची उडती धूळ आणि कूलरची ओलसर हवा मिळून पंख्याच्या जाळीवर थर बसतो आणि उलट जास्त तापतं. कूलर खोलीसाठी असू द्या, लॅपटॉप झोताच्या बाजूला.

वीज जाण्याबद्दलही दोघांनी विचारलंय. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, पण राउटर बंद पडतो आणि सामना तुटतो. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअर बघा. लॅपटॉप बॅटरीवर गेला की त्याचा वेगही उतरू शकतो, म्हणून वीज नसताना रँकिंगचा सामना सुरू करू नका.

प्रश्न (शहादा): मॉडर्न कंट्रोलवर (एका बटणाने खास चाली निघणाऱ्या मांडणीवर) ही पद्धत जमेल का?

उत्तर: जमेल, पण एका बटणाने काढलेल्या स्पेशल आणि सुपरचं नुकसान ८० टक्केच मिळतं. चटकन पनिश करायला एक बटण, आणि कॉम्बोच्या आत वेळ असतो तिथे हाताने पूर्ण चाल, अशी वाटणी करा. सगळा मार एका डावात काढायचा असेल तर २० टक्के फार मोठे आहेत. आमचा कल क्लासिककडे, म्हणजे सगळ्या चाली हाताने काढायच्या मांडणीकडे.

प्रश्न (पाचोरा): कीबोर्डवर खेळतो. पुढे चालता चालता फायरबॉल मारायला जातो आणि शोर्युकेन निघते. कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या स्पर्धेत याच कारणाने हरलो.

उत्तर: शोर्युकेन म्हणजे पुढे, खाली, पुढचं तिरपं. तुम्ही पुढची कळ दाबून चालत असता आणि तिथूनच खाली, तिरपं, पुढे करता. खेळाला त्यात आधी शोर्युकेन दिसते आणि तो तिलाच मान देतो. सोपा उपाय: चालणं थांबवून पुढची कळ क्षणभर पूर्ण सोडा, मग फायरबॉल. ट्रेनिंगमध्ये इनपुटची यादी पडद्यावर लावा. पुढे आणि खाली यांच्या मध्ये मोकळी नोंद दिसायला हवी. ती दिसत नसेल, तर बोट उशिरा उचललं जातंय.

त्याच यादीत आणखी एक तपासा. साधे कीबोर्ड काही तीन-तीन कळा एकत्र ओळखत नाहीत. खाली, पुढे आणि पंच एकदम दाबा. तिसरी नोंद गळत असेल तर पंचच्या कळा दुसऱ्या ओळीत हलवून पुन्हा बघा. पॅरी आणि ड्राइव्ह इम्पॅक्टसाठी दोन बटणं एकत्र दाबायच्या ऐवजी प्रत्येकी एक स्वतंत्र कळ द्या. स्पर्धेला स्वतःचा कीबोर्ड न्या, आणि पहिल्या सामन्याआधी तिथल्या यंत्रावर बटणांची मांडणी लावायला पाच मिनिटं मागून घ्या.