वाचकांचे प्रश्न : बर्फाशिवाय ल्यूज?

प्रश्न : माझी १४ वर्षांची मुलगी शिवा केशवनमुळे ल्यूजच्या, म्हणजे बर्फाच्या ट्रॅकवर स्लेडवर (छोट्या घसरगाडीवर) पाठीवर झोपून, पाय पुढे ठेवून घसरत जाण्याच्या खेळाच्या प्रेमात पडली आहे. मुंबईत सुरुवात कशी करावी?
– एक आई, दादर

उत्तर : ताई, मनालीजवळच्या वशिष्ठ गावच्या केशवन यांनी १९९८ ते २०१८ सलग सहा हिवाळी ऑलिंपिक ल्यूजमध्ये गाठली, १९९८ च्या नागानो (जपान) ऑलिंपिकला ते अवघे १६ वर्षांचे होते. भारतात कृत्रिम बर्फाचा ट्रॅक नसल्याने त्यांनी घाटरस्त्यांवर चाकांच्या स्लेडवर सराव केला. त्याचे अनुकरण मात्र करू नका. स्लेडला ब्रेक नसतो आणि आपल्या घाटांत समोरून ट्रक येतो.

मुंबईत तयारी करायची ती सुरुवातीच्या धक्क्याची. खेळाडू बसून दोन हँडल मागे-पुढे ओढून झेपावतो, मग खिळ्यांच्या हातमोज्यांनी बर्फावर वल्ह्यासारखे हात मारतो. इथे गमावलेला वेळ खाली भरून निघत नाही. निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागावर लागतो. म्हणून पाठ, खांदे, पकड. मल्लखांब उत्तम! मानेचे व्यायाम प्रशिक्षकासमोरच, कारण वळणावर डोके मागे खेचले जाते.

स्टिअरिंग पोटऱ्यांनी होते : डावीकडे वळायला उजव्या पोटरीने स्लेडखालच्या उजव्या घसरपट्टीचे पुढचे टोक आत दाबायचे, सोबत खांद्याचा भार. नवखे जास्त दाबतात, स्लेड आडवी सरकते आणि भिंतीवर आदळते. घाबरून डोके उचलले की हवेचा अडथळा वाढून वेग पडतो.

खरा बर्फ परदेशातच; तिथे नवोदितांना ट्रॅकच्या खालच्या टप्प्यावरून सोडतात.