यकृताच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी खायला द्यावं का?

तुमच्या वडिलांचं हे ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणतात खायला द्या, आणि घरची मंडळी म्हणतात गॅस सुटेपर्यंत पाणीसुद्धा नको, डाळ-अंडी तर नकोच. वडिलांच्या बाबतीत डॉक्टरांचं ऐका. यकृताचा तुकडा काढताना सहसा आतडं कापून जोडलेलं नसतं, म्हणून आतड्याचे टाके उसवायची भीती नाही. पित्तनलिका आतड्याला जोडली असेल तर मात्र सर्जन सांगतील तेवढंच द्या.

सुरुवात पाण्याच्या दोन-तीन चमच्यांनी करा. पाठ टेकून नीट बसवा, आडवं असताना पाजू नका, ठसका लागतो. पाणी पचलं की ताक, मग मऊ वरण-भात किंवा इडली. एका वेळी अर्धी वाटी, पण दिवसातून सहा-सात वेळा. मळमळ बहुतेकदा वेदनाशामकांमुळे होते. तसं नर्सला सांगा, औषध मिळतं. उलट्या होऊन पोट फुगलं तर खाणं थांबवून लगेच कळवा.

खरी चूक होते ती नुसत्या पेजेवर ठेवण्यात. उरलेलं यकृत पहिल्या काही आठवड्यांतच झपाट्याने वाढतं आणि त्याला प्रथिनं लागतात: वजनाच्या किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात साधारण सहा-सात, 50 ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास. पेजेत जवळजवळ काहीच नाही. हा आकडा पहिल्याच दिवशी गाठायचा नाही, भूक वाढेल तसं वाढवत न्या. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

सिरोसिस (यकृत व्रण पडून कडक होणं) असेल तर रात्रीचा उपास फार महाग पडतो. अशा यकृतात साखरेचा साठा कमी असतो, मग शरीर स्नायू मोडून गरज भागवतं. झोपताना दूध आणि दोन खाकरे द्याच. पोटात पाणी होत असेल तर मीठ कमी, पापड-लोणचं बंद.

ड्रेनमध्ये (पोटातून बाहेर काढलेल्या नळीत) हिरवट-पिवळं पित्त दिसलं, ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा माणूस गुंगीत बरळू लागला, तर सकाळची वाट पाहू नका.

आणि 'लिव्हर टॉनिक', काढे, गुळवेल यांतलं काहीही नको. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत. पॅरासिटामॉलसुद्धा स्वतःच्या मनाने देऊ नका, डोस सर्जनना विचारा.