एफडी मोडून स्कोप घ्यावा का?

प्रश्न: तुर्भ्यात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे. स्कॅनरने (गाडीतले एरर कोड वाचणाऱ्या यंत्राने) न सुटणाऱ्या महिन्याला ८ गाड्या दुसऱ्याकडे पाठवतो, गाडीमागे १,५०० रुपये जातात. चार चॅनेलचा ऑसिलोस्कोप संच (विजेचे चार सिग्नल एकाच वेळी पडद्यावर लहरींसारखे दाखवणारं यंत्र) २,४०,००० ला मिळतोय. ३ लाखांची एफडी मोडू की मुद्रा कर्ज काढू? दोन चॅनेलचा साधा स्कोप ३८,००० ला आहे. घरखर्च आणि गाळ्याचं भाडं मिळून महिना ५०,००० लागतात. रिटर्न अंदाजी उत्पन्न योजनेत भरतो. जीएसटी नोंदणी नाही. जुलै-ऑगस्टच्या वहीची पानं सोबत पाठवतोय.

उत्तर: एफडी मोडू नका. ते तुमचं सहा महिन्यांचं घर आणि गाळा आहे. मोडली तर हातात ६०,००० उरतील, म्हणजे जेमतेम सव्वा महिना.

कमाईचा हिशेब तुम्ही जुलै-ऑगस्टच्या वहीवरून केलाय, आणि खरी मेख तिथेच आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पाण्यातून आलेल्या गाड्या, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी, हिरवे पडलेले पिन, हे सगळं पावसाळ्यातलं काम. जानेवारीत तेवढं येणार नाही. शिवाय बाहेर जाणाऱ्या ८ गाड्यांत चावी आणि ईसीयू (गाडीचं कंट्रोल युनिट) कोडिंगच्याही असतील. ते काम स्कोप करत नाही. कॅन लाइनचा, म्हणजे कंट्रोल युनिट्सना जोडणाऱ्या तारांच्या जोडीचा, रेझिस्टन्स तर बॅटरी काढून साध्या मल्टिमीटरनेही बघता येतो; ६० ओहमच्या आसपास यायला हवा. म्हणून मी ४ गाड्या धरतो: महिना ६,०००. मोठ्या संचाचे पैसे निघायला ४० महिने. मुद्रातून, म्हणजे ‘किशोर’ गटातून, १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलात तरी हप्ता ८,००० च्या घरात जातो. वाचणार सहा, भरणार आठ.

तरीही स्कोप घ्याच, पण ३८,००० चा. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे क्षणभर तुटणारा क्रँक सेन्सरचा (इंजिनचा मुख्य दांडा कसा फिरतोय ते सांगणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल त्याच्यावर दिसतच नाही. स्कोपवर तो खड्डा समोर येतो. क्रँक आणि कॅम सेन्सरच्या लहरी एकाखाली एक लावल्या, की टायमिंग चेन (क्रँक आणि कॅमला जोडणारी साखळी) सरकल्याचा अंदाज इंजिन न उघडता येतो. त्याला दोन चॅनेल पुरतात. बॅटरीच्या केबलला करंट क्लॅम्प (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा चिमटा) लावून, गाडी चालू होऊ न देता सेल्फ मारा: स्क्रीनवरच्या लहरीत एखादा उंचवटा बाकीच्यांपेक्षा बसका आला तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी असण्याची शक्यता मोठी. हे काही मिनिटांचं काम आहे आणि गिऱ्हाइकाला स्क्रीनवर दाखवता येतं.

कोटेशनमध्ये क्लॅम्प आणि अॅटेन्युएटर (व्होल्टेज कमी करून स्कोपला देणारा जोड) धरलेत का, ते विचारा. इग्निशन कॉइलच्या प्रायमरीवर ३००-४०० व्होल्टचा झटका येतो. थेट जोडलात तर पहिल्याच आठवड्यात ३८,००० पाण्यात.

पैसे एफडीवरच्या ओव्हरड्राफ्टमधून (ओडी), म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर बँक देते त्या उचलीतून, घ्या. एफडीवर ७ टक्के मिळत असतील तर ओडी बहुधा ८ च्या आसपास पडेल. वर्षभर एक रुपया फेडला नाही तरी व्याज ३,००० च्या आसपास, आणि ६,००० च्या हिशेबाने मुद्दल सात महिन्यांत फिटेल. पावसाळ्यानंतर काम घटलं तर नऊ धरा.

‘मशीन घेतलं की टॅक्स वाचतो’ असं विक्रेता म्हणेल. तुमच्या बाबतीत नाही. अंदाजी योजनेत उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा धरला जातो आणि घसारा त्यातच आला असं मानतात. वेगळी वजावट नाही. जीएसटी नोंदणी नसल्याने इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेणं) नाही. तेव्हा दोन्ही कोटेशनची तुलना करासकट करा.

आता अवघड भाग. चेकिंगचे पैसे मागायला तुम्ही कचरता, असं तुमच्या वहीवरून दिसतं. लेबरच्या रकान्यात फक्त सुटे भाग बदलल्याची मजुरी आहे. बॉनेट उघडण्याआधीच सांगा: शोधायचे ५००, काम इथे केलंत तर बिलात वळते. दोघे-चौघे निघून जातील, जाऊ द्या. फेब्रुवारी-मार्चच्या वहीत हा रकाना भरलेला दिसला, तर तीच पानं मला पाठवा. चार चॅनेलचं तेव्हा बघू.