बांधकाम कंपनीचे हरित दावे तपासायचे कसे?

तुमचा प्रश्न असा की एल अँड टीचे शेअर घेण्याआधी तिचे पर्यावरणाचे दावे कितपत खरे मानायचे. कंपनीने 2035 पर्यंत जल-तटस्थ (वापरलं तेवढं पाणी भरून देणारी) आणि 2040 पर्यंत कार्बन-तटस्थ (सोडला तेवढा कार्बन भरून काढणारी) होण्याचं जाहीर केलंय. मी साइटवर काँक्रीटची क्वालिटी बघतो (त्या कंपनीत नाही), त्यामुळे माझं बोट आधी सिमेंटवर जातं.

सेबीने 2022-23 पासून पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल, सक्तीचा केलाय. झाडं लावतानाचे फोटो सोडा, थेट तो उघडा. त्यात उत्सर्जन तीन स्कोपमध्ये, म्हणजे गटांत, विभागलेलं असतं. स्कोप 1 म्हणजे कंपनीने स्वतः जाळलेलं डिझेल वगैरे, स्कोप 2 विकतची वीज. आणि विकत घेतलेलं सिमेंट, स्टील? ते स्कोप 3 मध्ये, आणि तो रकाना ऐच्छिक! बांधकामात खरा धूर तिथेच असतो. म्हणून 'तटस्थ' कोणत्या स्कोपपुरतं, हे आधी बघा.

हिशोब करून बघा. एम 40 या ताकदीच्या काँक्रीटच्या एका घनमीटरला 400 किलो बाइंडर (सिमेंटसारखी पकड देणारी पूड) धरू. त्यात निम्मं ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलंड सिमेंट, काढून जीजीबीएस, म्हणजे स्टील कारखान्यातली दळलेली स्लॅग, घातली तर ढोबळमानाने 150 किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. 1000 घनमीटरचा एक राफ्ट, म्हणजे पायाचा सलग जाड स्लॅब, भरला की 150 टन. तेवढा धूर जनरेटरमध्ये काढायला पन्नास हजार लिटरच्या वर डिझेल लागेल. मग सगळे का घालत नाहीत? स्लॅगचं काँक्रीट ताकद सावकाश धरतं. शटरिंग (काँक्रीट धरून ठेवणारे साचे) अडकून पडतं, प्लॅनिंगवाले बोंब मारतात, आणि क्लायंट 28 दिवसांच्याच क्यूब रिझल्टवर (काँक्रीटचे ठोकळे दाबून घेतलेल्या ताकदीच्या चाचणीवर) अडून बसला, 56 दिवस मान्य केले नाहीत, तर कंत्राटदाराचे हात बांधलेले. त्यामुळे सगळा दोष कंपनीच्या माथी मारणं मला पटत नाही.

दुसरी गोम 'इंटेन्सिटी'ची, म्हणजे उलाढालीच्या दर रुपयामागे किती उत्सर्जन. एल अँड टी समूहात आयटी कंपन्याही आहेत. तो महसूल छेदात आला की आकडा आपोआप देखणा दिसतो. म्हणून आकडे स्टँडअलोन (फक्त मूळ कंपनीचे) की कन्सॉलिडेटेड (सगळ्या समूहाचे) ते तपासा, आणि एकूण टन वर्षागणिक वाढले की घटले तेही बघा.

पाण्याबद्दल थोडक्यात: कुठलं पाणी वाचवलं ते विचारा. साइटवरचं, की दुसऱ्या गावातल्या बंधाऱ्याचं?

त्याच अहवालात सुरक्षिततेचा तक्ता असतो, कर्मचारी आणि कामगार वेगवेगळे. कामगारांच्या ओळीतला मृत्यूंचा आकडा मी दरवर्षी कार्बनच्याही आधी वाचतो.