गोमाशी चावली की डासापेक्षा इतकं जास्त का दुखतं?

कारण डास टोचतो आणि गोमाशी चक्क कापते. दोघांच्याही सोंडेत 6 अवजारं असतात. डासाची सुईसारखी बारीक, कातडीत शिरून रक्तवाहिनी शोधणारी. गोमाशीची दोन पाती मात्र कात्रीसारखी चालतात, आणखी दोन करवतीसारखी दातेरी असतात. ‘चावणं’ हा शब्द खरा तिलाच लागू पडतो. कापलेल्या जागी साचलेलं रक्त ती सोंडेच्या टोकाच्या स्पंजासारख्या गादीने टिपून घेते. तिच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून ती उडाल्यावरही म्हशीच्या पाठीवर लाल थेंब ओघळताना दिसतो.

चावते फक्त मादी, अंड्यांसाठी. सावज ती मुख्यतः डोळ्यांनी हेरते: गडद आणि हलणारं. श्वासातला कार्बन डायऑक्साइडही तिला कळतो.