"वहीत काहीच लिहिलेलं नाही" – पालकांच्या विरोधाबद्दल

तुम्ही लिहिलंय की गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत या जूनमध्ये मुख्याध्यापकाचा चार्ज मिळाला. मुलांना गटात बसवून, वस्तू हाताळत गणित शिकवायला लागलात. पालक कुरकुर करतायत आणि निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या सहकारी बाई "तुमचं चालू द्या" म्हणून बाजूला होतायत. हा विरोध मोडून कसा काढायचा, हा तुमचा प्रश्न.

सर, मोडून काढायला जाऊ नका. मी गेलो होतो.

प्रत्येक मूल शिकलंच पाहिजे, या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा शासननिर्णय जून 2015 चा. त्या काळात साताऱ्याच्या कुमठे बीटच्या, म्हणजे त्या गटातल्या, कृतीतून शिकवणाऱ्या शाळा पाहून आलेले शिक्षक भारावून बोलायचे. मीही भारावलो. वेंगुर्ले तालुक्यातल्या माझ्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीत एकट्याने जमिनीवर तक्ते रंगवले आणि बाकं मागच्या पडवीत नेऊन ठेवली. कोणालाच विचारलं नाही. शाळा उघडल्यावर पंधरा दिवसांत एक आई आली. मासळीची पाटी पायरीवर उतरवून म्हणाली, "गुरुजी, चेडवाच्या वयत कायच नाय. शिकवतास तरी काय?" म्हणजे मुलीच्या वहीत काहीच नाही. मी तिला शिक्षण हक्क कायदा सांगितला. कृतीतून शिकवावं असं 2009 च्या त्या कायद्यातच आहे, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. संक्रांतीनंतर ती मुलगी इंग्रजी शाळेच्या गाडीत बसायला लागली.

ती बाई बदलाच्या विरोधात नव्हती, हे मला फार उशिरा उमगलं. शाळेत काय चालतं हे बघायला तिच्याकडे एकच खिडकी होती, मुलीची वही. ती मी बंद केली आणि दुसरी उघडून दिली नाही.

पुढच्या वर्षी मी वेळ साधली. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, म्हणजे शाळा सुरू होते तेव्हा बरेच बाप घरीच असतात. पाच-सहा जणांना बोलावलं. सभेला नाही, तासाला. मुलांच्या मागे सतरंजीवर बसवलं. माडाच्या हिराच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे होते. तिसरीतल्या एका मुलाला बावन्नातून सत्तावीस वजा करायचे होते. त्याने पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. दोनातून सात जाईनात. थोडा वेळ बसून राहिला, मग एका गठ्ठ्याचं रबर काढलं. सुट्या बारा झाल्या, त्यातल्या सात उचलल्या, दोन गठ्ठे बाजूला सारले. उरले पंचवीस. मागून एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, मोठ्याने म्हणाला, "उसनो घेतलो तो हयसून काय!" लहानपणापासून तो वजाबाकी करत आला होता, पण उसना येतो कुठून हे त्याने पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर वाडीत माझी बाजू त्यानेच मांडली.

पण वहीची मागणीही खरी होती. म्हणून दर शुक्रवारी मुलं आठवड्यातली दोन उदाहरणं गठ्ठ्यांच्या चित्रासकट वहीत उतरवू लागली. ती वही घरी जायची.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' असं संख्यावाचन आलं, तेव्हाचा गदारोळ आठवत असेल. 'एकवीस'ही पुस्तकात होतंच, तरी आपल्या घरातला शब्द काढून घेतायत असं लोकांना वाटलं. म्हणून जुनं काय राहणार आहे, हे आधी सांगा.

आता बाई. त्यांनी 2010 चं सातत्यपूर्ण मूल्यमापन पाहिलंय, मग प्रगत, मग 2021 पासून पायाभूत वाचन-गणिताचं निपुण अभियान. दर वेळी नव्या नोंदी आल्या आणि त्या भरायला वर्गातलाच वेळ गेला. "तुमचं चालू द्या" यात तो थकवा आहे, आळस समजू नका. माझ्या सहकारी बाई पहिलीला वाचन फार सुंदर शिकवायच्या. मी त्यांना माझ्या पहिलीचा वाचनाचा तास घ्या म्हटलं, त्यांच्या चौथीचं गणित मी घेतलं आणि पोषण आहाराच्या व यू-डायसच्या (शाळेच्या सरकारी माहितीच्या) ऑनलाइन नोंदी पूर्ण माझ्याकडे घेतल्या. काड्यांबद्दल एक शब्द काढला नाही. दिवाळीनंतर त्यांनीच विचारलं, "ते गठ्ठे जरा माझ्या वर्गात देता?"

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, पण सभा सकाळी अकराला ठेवलीत तर कागदावर सह्याच मिळतील. त्या वेळी कोळणी बाजारात असतात आणि जुलैत वरच्या वाडीतल्या बायका लावणीला. मी संध्याकाळी दिवेलागणीआधी, वाडीतल्याच एखाद्या ओटीवर बसायचो.

तुमच्याकडे अजून मासेमारीची बंदी उठायला दिवस आहेत. या आठवड्यातच चार बापांना तासाला बोलवा, आणि जो सगळ्यात जास्त कुरकुरतो त्याला पहिलं.